मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी: हक्क सगळ्यांचा, मग मिळते कुणाला? मालकाला दंड फक्त ५०० रुपये?

निवडणूक जवळ आली की व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज फिरू लागतात. एकात लिहिलेलं असतं, 'मतदानाच्या दिवशी सुट्टी देणं बंधनकारक, न दिल्यास मालकावर कारवाई.' दुसरा मेसेज कंपनीच्या एचआरकडून आलेला असतो, 'मतदानासाठी दोन तासांची सवलत देण्यात येत आहे, तरी सर्वांनी वेळेत कामावर हजर राहावं.'

आता यातलं खरं काय? सुट्टी की सवलत? पगार कापला तर दाद कुठे मागायची? रोजंदारीवर काम करणाऱ्याला हा नियम लागू होतो का? आणि पोटासाठी गाव सोडून तीनशे किलोमीटर लांब गेलेल्या माणसाला एका दिवसाच्या सुट्टीचा उपयोग तरी किती?

एकेक प्रश्न समजून घेऊया.

कायदा नेमकं काय सांगतो?

या सुट्टीचा आधार आहे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधलं कलम १३५ ब. मूळ कायद्यात हे कलम नव्हतं. १९९६ साली निवडणूक कायद्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या, तेव्हा ते घालण्यात आलं. एका उमेदवाराला दोनपेक्षा जास्त मतदारसंघांतून उभं राहता येणार नाही, हा नियमही त्याच दुरुस्तीतला.

कलम अगदी छोटं आहे. त्यात चारच मुद्दे आहेत.

पहिला मुद्दा: कोणत्याही व्यवसायात, व्यापारात, कारखान्यात किंवा इतर कोणत्याही आस्थापनेत नोकरीला असलेल्या आणि लोकसभा किंवा विधानसभा निवडणुकीत मत देण्याचा हक्क असलेल्या प्रत्येक व्यक्तीला मतदानाच्या दिवशी सुट्टी द्यायची.

दुसरा मुद्दा: या सुट्टीपायी पगार कापायचा नाही. ज्याला अशा दिवसाची मजुरी एरवी मिळाली नसती, म्हणजे 'काम केलं तर दाम' या तत्त्वावर जो राबतो, त्यालाही त्या दिवसाची मजुरी द्यायची.

तिसरा मुद्दा: मालकानं हे पाळलं नाही, तर त्याला ५०० रुपयांपर्यंत दंड.

चौथा मुद्दा: ज्या मतदाराच्या गैरहजेरीमुळे त्याच्या कामाच्या ठिकाणी धोका निर्माण होईल किंवा मोठं नुकसान होईल, त्याला हे कलम लागू नाही.

कायद्याच्या भाषेकडे नीट पाहिलं तर दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, कलमात 'सुट्टी' हा शब्द आहे, 'दोन तास' किंवा 'तीन तास' असं काहीही नाही. दुसरी, ही सुट्टी कर्मचाऱ्यानं आपल्या रजेच्या खात्यातून खर्च करायची नसून मालकानं द्यायची आहे.

मग 'दोन तासांची सवलत' आली कुठून?

ती आली सरकारी परिपत्रकांमधून. प्रत्येक निवडणुकीच्या आधी महाराष्ट्रात उद्योग, ऊर्जा, कामगार व खनिकर्म विभाग एक परिपत्रक काढतो. कारखाने, दुकानं, हॉटेलं, मॉल, थिएटर, आयटी कंपन्या अशा सगळ्यांनी मतदार कर्मचाऱ्यांना भरपगारी सुट्टी द्यावी, असं त्यात म्हटलेलं असतं. त्यालाच जोडून एक अपवाद येतो. पूर्ण दिवस सुट्टी देणं शक्यच नसेल, तर ठरावीक तासांची सवलत द्या, पण त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांसारख्या सक्षम अधिकाऱ्याची आधी परवानगी घ्या.

म्हणजे नियम आहे सुट्टीचा. सवलत हा अपवाद आहे आणि तोही परवानगी घेतल्यावरच. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हे उलटं होतं. सवलत हाच नियम बनतो आणि परवानगी घेतली होती का, हे विचारण्याच्या फंदात कुणी पडत नाही.

सवलतीचे ते तासही सगळ्यांना सारखे पुरत नाहीत. ज्याचं मतदान केंद्र ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर आहे, त्याला दोन तास खूप झाले. पण ज्याचं नाव विरारच्या यादीत आहे आणि काम लोअर परळला, त्याचे दोन तास नुसत्या लोकलच्या प्रवासातच संपतात.

मत दिल्याची शाई दाखवली तरच सुट्टी, असं मालक म्हणू शकतो का?

कलम १३५ ब मध्ये अशी अट नाही. सुट्टीचा हक्क 'मतदान केलेल्या' नव्हे, तर 'मतदानाचा हक्क असलेल्या' व्यक्तीला आहे. याच कायद्यात 'निवडणूकविषयक हक्क' या संज्ञेची जी व्याख्या आहे, तिच्यात मत देण्याइतकाच मत न देण्याचा हक्कही येतो.

सुट्टी घेऊन कुणी घरी झोपून राहिला, तर तो सुट्टीचा सदुपयोग झाला असं कुणी म्हणणार नाही. पण त्यासाठी त्याचा पगार कापण्याची मुभा हे कलम मालकाला देत नाही.

नाव एका गावात, नोकरी दुसऱ्या गावात. मग सुट्टी कोणत्या दिवशी?

निवडणूक अनेक टप्प्यांत झाली की हा प्रश्न हमखास येतो. २०२४ ची लोकसभा निवडणूक महाराष्ट्रात पाच टप्प्यांत झाली. रत्नागिरी-सिंधुदुर्गचं मतदान ७ मे रोजी होतं, मुंबईचं २० मे रोजी. लातूरनं ७ मे रोजी मतदान केलं, पुण्यानं १३ मे रोजी.

आता मुंबईत नोकरी करणाऱ्या, पण नाव अजून कणकवलीच्या यादीत असलेल्या चाकरमान्याचं काय? ७ मे हा मुंबईसाठी साधा मंगळवार होता. ऑफिसं चालू, लोकल भरलेल्या.

निवडणूक आयोगानं याबाबत वेळोवेळी स्पष्ट केलं आहे की, सुट्टीचा हक्क मतदाराचा आहे, नोकरीच्या जागेचा नाही. मतदारसंघाबाहेर काम करणाऱ्या मतदारालाही त्याच्या मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी मिळायला हवी. रोजंदारी आणि हंगामी कामगारांनाही ती लागू आहे, असंही आयोग सांगत आला आहे. पोटनिवडणुकीलाही हाच नियम.

शेजारच्या राज्यापर्यंत हा मुद्दा कसा पोहोचतो, याचं ठळक उदाहरण गोव्यात दिसलं. १० मे २०२३ रोजी कर्नाटक विधानसभेसाठी मतदान होतं. गोव्यात कर्नाटकातून आलेले कामगार मोठ्या संख्येनं आहेत, म्हणून गोवा सरकारनं त्या दिवशी राज्यात भरपगारी सुट्टी जाहीर केली. त्यावर उद्योजकांनी आणि विरोधकांनी टीकेची झोड उठवली. निवडणूक दुसऱ्या राज्याची आणि कारखाने आमचे का बंद, असा त्यांचा सवाल होता.

दोन्ही बाजूंमध्ये तथ्य होतं. कर्नाटकातल्या मतदाराला सुट्टीचा हक्क होताच. पण तो हक्क त्या मतदारापुरता होता, गोव्यातल्या प्रत्येक कर्मचाऱ्याचा नव्हता. कोण कुठला मतदार आहे, हे तपासून फक्त त्यांनाच सुट्टी देणं हा खरा मार्ग. पण त्यासाठी मालकाकडे तेवढी नोंद हवी आणि सुट्टी मागण्याचं धाडस कामगाराकडे हवं. ठेकेदारामार्फत आलेल्या मजुराच्या बाबतीत बऱ्याचदा दोन्ही नसतं.

महापालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीला हे कलम लागू आहे का?

नाही. अनेकांना हे माहीतच नसतं. कलम १३५ ब मध्ये फक्त लोकसभा आणि विधानसभा या दोनच निवडणुकांचा उल्लेख आहे. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्यांचे कायदे वेगळे आहेत.

या निवडणुकांना मिळणारी सुट्टी राज्य सरकारच्या आदेशावर चालते. १५ जानेवारी २०२६ रोजी मुंबईसह राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं, तेव्हा सरकारनं त्या भागांत सार्वजनिक सुट्टी जाहीर केली होती. अशी सार्वजनिक सुट्टी सहसा परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम २५ खाली जाहीर होते. मूळ कायदा चेक आणि हुंड्यांचा. त्यामुळे बँका आणि सरकारी कार्यालयं बंद राहतात, पण खासगी दुकान किंवा कारखाना आपोआप बंद होत नाही. खासगी कर्मचाऱ्यांसाठी कामगार विभागाला वेगळं परिपत्रक काढावं लागतं.

म्हणजे नळाला पाणी, रस्त्यावरचे खड्डे आणि कचरा हे रोजचे प्रश्न ज्या निवडणुकीत ठरतात, त्याच निवडणुकीच्या सुट्टीला केंद्रीय कायद्याचा आधार नाही.

दंड फक्त ५०० रुपये, मग मालक घाबरेल कशाला?

या कायद्याची खरी दुखती नस हीच आहे. १९९६ साली ठरलेली ५०० रुपयांची कमाल मर्यादा आजही तीच आहे. जवळपास तीस वर्षांत पगार वाढले, महागाई वाढली, निवडणुकीच्या खर्चाची मर्यादाही अनेकदा वाढली. हा आकडा मात्र जागचा हललेला नाही.

तुलना याच कायद्यातल्या पुढच्या कलमाशी करून पाहता येते. कलम १३५ क हे मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांतल्या दारूबंदीचं आहे. हे कलमही १९९६ चंच. ते मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून 'ड्राय डे'ला दुकानाचं शटर खाली असतं आणि पोलिसांचं लक्षही असतं. सुट्टी नाकारणाऱ्या कारखान्याच्या गेटवर मात्र कुणी येत नाही.

त्यामागे एक तांत्रिक कारणही आहे. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे, तो अदखलपात्र ठरतो. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस स्वतःहून तपास करू शकत नाहीत. शिवाय फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयानं घ्यायला सहा महिन्यांची मुदत आहे. कामगार तक्रार करणार, ती कार्यालयात फिरणार आणि तोवर मुदत सरणार, हे सहज घडू शकतं.

मोठ्या कंपन्या नाव खराब होईल म्हणून सुट्टी देतात. अडचण होते ती लहान वर्कशॉप, हॉटेल, बांधकामाची साइट, सुरक्षारक्षक पुरवणारी एजन्सी अशा ठिकाणी. तिथे कामगारापुढे हिशेब सरळ असतो. मालकाचं नुकसान झालं तर ५०० रुपयांचं, आपलं झालं तर नोकरीचं.

कायद्याच्या बाहेर कोण राहतं?

कलमातले शब्द आहेत 'नोकरीला असलेली व्यक्ती' आणि 'आस्थापना'. १९९६ मध्ये हे शब्द लिहिले गेले, तेव्हा डोळ्यासमोर हजेरीपट, पाळी आणि महिन्याचा पगार होता. आज कामाचं स्वरूप बरंच बदललं आहे.

मोबाइल ॲपवर जेवण पोहोचवणारे आणि टॅक्सी चालवणारे तरुण घ्या. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गिग कामगाराची व्याख्याच 'पारंपरिक मालक-नोकर संबंधांच्या बाहेर काम करणारी व्यक्ती' अशी आहे. मग त्याला सुट्टी देणारा मालक कोण? तो हवं तेव्हा ॲप बंद करू शकतो, हे खरं. पण ॲप बंद म्हणजे त्या वेळची कमाईही बंद. मतदानाच्या दिवशी बाकीचे घरी असल्यामुळे ऑर्डरी जास्त येतात, म्हणजे नेमकं त्याच दिवशी काम सोडणं महाग पडतं.

घरकाम करणाऱ्या बायकांची गोष्ट वेगळी नाही. चार घरची कामं करणाऱ्या बाईसाठी घर ही 'आस्थापना' आहे का, हा वाद वकिलांनी घालावा असा आहे. तिला सुट्टी मिळते ती घरमालकिणीच्या समजूतदारपणावर. बऱ्याच घरांत तर उलट होतं. 'आज सगळे घरी आहेत, जरा लवकर ये' असा निरोप येतो.

आणि ऊसतोड मजूर. २०२४ च्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला झालं. त्या वर्षीचा गळीत हंगाम १५ नोव्हेंबरपासून सुरू करायचं ठरलं होतं, म्हणजे अवघे पाच दिवस आधी. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो मजूर दिवाळी आटोपली की पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते आणि ती टनामागे मिळणाऱ्या मजुरीतून फेडायची असते. एक दिवस काम बुडालं तर मजुरी तर जातेच, वर 'खाडा' म्हणून पैसे कापले जातात.

या मजुराला 'भरपगारी सुट्टी' मागायची कुणाकडे? कारखान्याकडे, की तोडणी-वाहतूक करणाऱ्या ठेकेदाराकडे, की मुकादमाकडे? हजेरीपट नाही, पगारपत्रक नाही. शिवाय सुट्टी मिळाली तरी फडातून गावी जायचं भाडं आणि वेळ कुठून आणायचा?

इथे दुसरी गुंतागुंत सुरू होते. मजुरांना मतदानासाठी आणायला गाड्यांची सोय कोण करतं? ज्याला त्यांची मतं हवी आहेत तो. पण उमेदवारानं मतदारांना केंद्रापर्यंत फुकट ने-आण करण्यासाठी भाड्यानं गाड्या लावणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार भ्रष्ट आचार आहे. म्हणजे मजुरानं स्वतःच्या खर्चानं यावं तर परवडत नाही आणि दुसऱ्याच्या गाडीतून यावं तर ती गाडी कुणाची, हा प्रश्न उरतो.

दूर राहूनच मत देता येणार नाही का?

आज ही सोय मोजक्या लोकांना आहे. सैन्यदलातले मतदार, निवडणूक कामावरचे कर्मचारी, ८५ वर्षांवरचे ज्येष्ठ, ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेले आणि अत्यावश्यक सेवेतले अधिसूचित कर्मचारी टपाली मत देऊ शकतात. स्थलांतरित मजूर या यादीत नाहीत.

निवडणूक आयोगानं डिसेंबर २०२२ मध्ये 'रिमोट व्होटिंग मशीन'चा प्रस्ताव मांडला. एकाच यंत्रावरून ७२ मतदारसंघांचं मतदान घेता येईल, अशी ही कल्पना होती. २०१९ च्या लोकसभेत ३० कोटींहून अधिक मतदारांनी मत दिलं नव्हतं आणि त्यामागे स्थलांतर हे एक मोठं कारण आहे, असं आयोगानं तेव्हा म्हटलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये यंत्र दाखवण्यासाठी राजकीय पक्षांना बोलावण्यात आलं. पण स्थलांतरित कुणाला म्हणायचं, दुसऱ्या राज्यात मतदान होताना पक्षांचे प्रतिनिधी कसे हजर राहणार, आचारसंहिता कुठे लागू होणार, असे आक्षेप विरोधी पक्षांनी घेतले आणि प्रस्ताव पुढे सरकला नाही.

आज उपलब्ध असलेला मार्ग एकच आहे. जिथे प्रत्यक्ष राहता, तिथल्या यादीत नाव हलवणं. त्यासाठी अर्ज क्रमांक ८ भरावा लागतो. दोन ठिकाणी नाव ठेवणं बेकायदा आहे. वर्षानुवर्षं पुण्यात राहणाऱ्या माणसाला हा उपाय लागू पडतो. पाच महिने फडावर आणि सात महिने गावात राहणाऱ्याला नाही.

सुट्टी दिली की मतदान वाढतं का?

सुट्टी गरजेची आहे, पण तिनं सगळं साधत नाही, असंच आकडे सांगतात. मुंबईत २०१९ च्या लोकसभेचं मतदान २९ एप्रिलला, सोमवारी झालं. आधी शनिवार-रविवार, मधे फक्त मंगळवार आणि बुधवारी १ मेची सुट्टी. अनेकांनी मधल्या मंगळवारची रजा टाकून गाव किंवा हिल स्टेशन गाठलं. २०१९ ची विधानसभा आणि २०२४ ची मुंबईतली लोकसभा, दोन्ही वेळा पुन्हा सोमवारच होता.

म्हणून २०२४ च्या विधानसभेसाठी आयोगानं मुद्दाम बुधवार निवडला. शहरी मतदारांची उदासीनता कमी व्हावी म्हणून आठवड्याच्या मधला दिवस घेतल्याचं तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार यांनी सांगितलं होतं. राज्यात मतदान ६६ टक्क्यांवर गेलं. २०१९ मध्ये ते ६१ टक्क्यांच्या आसपास होतं. पण कोल्हापूर जिल्ह्यानं ७६ टक्के ओलांडले, तेव्हा मुंबई शहर जिल्हा ५२ टक्क्यांच्या आसपासच राहिला. सुट्टी दोन्हीकडे एकच होती.

जगात याची वेगवेगळी उत्तरं शोधली गेली आहेत. फ्रान्स आणि जर्मनीत मतदान रविवारी होतं, ऑस्ट्रेलियात शनिवारी. ब्रिटनमध्ये गुरुवारी असतं, पण केंद्रं सकाळी ७ ते रात्री १० पर्यंत उघडी असतात, त्यामुळे कामावरून सुटल्यावरही मत देता येतं. अमेरिकेत मंगळवारी मतदान असतं आणि देशभर लागू होणारी सुट्टी नाही. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कसारखी काही राज्यं गरजेनुसार दोन तासांपर्यंतची भरपगारी सवलत देतात. त्यांच्या तुलनेत पूर्ण दिवसाच्या पगारी सुट्टीचा भारतीय कायदा कागदावर कितीतरी उदार आहे.

सुट्टी नाकारली तर काय करायचं?

सगळ्यात आधी, तोंडी वादापेक्षा लेखी मागणी चांगली. मतदानाच्या काही दिवस आधी मेल किंवा अर्ज करून 'कलम १३५ ब नुसार सुट्टी मिळावी' असं कळवावं. नाव दुसऱ्या मतदारसंघात असेल, तर तिथली मतदानाची तारीख आणि मतदार यादीतला तपशील जोडावा.

मालकानं सवलतीचे तास सांगितले, तर त्यासाठी परवानगी घेतली आहे का, हे विचारता येतं. नकार मिळाला किंवा पगार कापला गेला, तर जिल्हा निवडणूक अधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्ह्यातलं कामगार आयुक्तांचं कार्यालय इथे तक्रार करता येते. १९५० हा मतदार हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पगारपत्रक, हजेरीची नोंद आणि नकाराचा मेसेज जपून ठेवावा. सहा महिन्यांची मुदत लक्षात घेता तक्रार लगेच केलेली बरी.

ज्याच्याकडे मेल आहे, पगारपत्रक आहे आणि कायदा माहीत आहे, त्याला हे सगळं करता येईल. त्याला बहुधा सुट्टी मिळालेलीही असते. मत देण्यासाठी ज्याला त्या दिवसाची मजुरी सोडावी लागते, त्याच्यापर्यंत मात्र हे कलम तीस वर्षांत पोहोचलेलं नाही. दंडाची रक्कम वाढवणं, स्थानिक निवडणुकांना हेच संरक्षण देणं, ठेकेदाराच्या आणि ॲपच्या कामगारांची जबाबदारी कुणाची हे कायद्यात लिहिणं, यातल्या एकाही गोष्टीसाठी नवं यंत्र लागत नाही. कायद्यात दुरुस्ती करावी लागेल आणि ती करण्याचा अधिकार आहे निवडून गेलेल्या लोकप्रतिनिधींकडे.